दीडशे मर्सिडीज, पंधरा वर्षं आणि आपल्या दारातली डिकीवाली गाडी

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

ऑक्टोबर २०१०. अजिंठ्याचा घाट चढून गेलं की पुढे लागतं ते औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. बिल झालं सुमारे ६५ कोटी रुपये, म्हणजे सरासरी एका गाडीला ४३ लाख. त्या अख्ख्या वर्षात मर्सिडीजने देशभरात साधारण ५,८०० गाड्या विकल्या. म्हणजे दर चाळीस गाड्यांमागे एक गाडी एका दिवसात, एका जिल्ह्याच्या गावात गेली. पेपरांनी पहिल्या पानावर फोटो छापले. यातल्या बऱ्याच पैशाला स्टेट बँकेचं कर्ज होतं, व्याज ७ टक्के. त्याच डिसेंबरात पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं की त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा तर व्याज १२ टक्के पडतं. ती तुलना अनेकांच्या डोक्यात अजून आहे.

आज तो विषय काढायचं कारण वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ऑक्टोबर २०१० मध्ये पासिंग झालेल्या गाडीची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. पुढे चालवायची तर फेरनोंदणी करायची, आणि ती पाच-पाच वर्षांनी. म्हणजे मराठवाड्याच्या ज्या श्रीमंतीचा देशभर गाजावाजा झाला, तीच आता कायद्याच्या भाषेत ‘जुनी गाडी’ झाली.

आणि जुनी मोठी गाडी खाली उतरते. शोरूममधून पहिल्या मालकाकडे, तिथून डीलरकडे, मग दुसऱ्या मालकाकडे, मग छोट्या गावातल्या दलालाकडे. या उतरंडीच्या तळाशी बऱ्याचदा आपला जळगाव-धुळ्याचा माणूस उभा असतो. केळीचे पैसे आलेले असतात, कापसाचा हिशोब झालेला असतो, पोरीचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर ग्रामपंचायत-नगरपालिकेची निवडणूक तोंडावर असते. मेसेज येतात ते साधारण असे: “भाऊ, ई-क्लास मिळतेय. नव्या बलेनोच्या भावात. रनिंग दीड लाख. घेऊ का?”

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण आपल्या देशात जुन्या मोठ्या गाडीचा इतिहास बघितला तर उत्तर बऱ्यापैकी सापडतं. तोच इतिहास थोडक्यात सांगतो.

जेव्हा जुनी गाडी नवीपेक्षा महाग होती

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण या देशात चाळीसेक वर्षं जुनी गाडी घेणं ही तडजोड नव्हती, ते भाग्य होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथून फियाट ११०० निघाली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्यातून १९५० च्या दशकाअखेर ॲम्बेसेडर आणली. मद्रासची स्टँडर्ड ही तिसरी. बाजार संपला. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं, आणि गाड्यांच्या वाटप-विक्रीवर १९५९ पासून सरकारी नियंत्रण आदेश होता. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. साहजिकच, दोन-तीन वर्षं वापरलेली फियाट नव्या फियाटच्या कंपनी भावापेक्षा जास्तीला जायची, कारण ती आज मिळत होती.

परदेशी आलिशान गाडी हवी असेल तर एक आडवाट होती. वकिलातीतले लोक मुदत संपल्यावर गाड्या इथेच सोडून जायचे आणि त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीमार्फत लिलावाने विकल्या जायच्या. सिनेमावाल्यांच्या, संस्थानिकांच्या, मोठ्या व्यापाऱ्यांच्या दारात दिसणाऱ्या कितीतरी इंपाला आणि मर्सिडीज अशा मार्गाने आल्या. म्हणजे भारतात आलिशान डिकीवाल्या गाडीचा बाजार मुळात सेकंडहँड म्हणूनच सुरू झाला. आज आपण काही नवीन करतोय अशातला भाग नाही.

त्या काळी रनिंग कुणी फारसं विचारायचं नाही. ॲम्बेसेडर लाखभर किलोमीटर चालली की इंजिन खोलायचं, बोअर करायचं, रिंगा-पिस्टन टाकायचे आणि पुन्हा रस्त्यावर. मुंबई-आग्रा रोडवरच्या कुठल्याही गावात तिचा मेस्तरी मिळायचा. पार्ट दुकानात नसला तर लेथवर बनवून मिळायचा. ती गाडी फार चांगली बनवलेली होती म्हणून टिकली असं म्हणता येणार नाही. ती टिकली कारण तिला दुरुस्त करू शकणारा माणूस गावोगावी होता. पद्मिनीचंही तेच. कारखाना २००० च्या आसपास बंद पडला, तरी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत अधिकृतपणे धावली, आणि तीही वयाची वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून थांबली.

हा इतिहासातला पहिला धडा. गाडीचा भरवसा बोनेटखाली असतो तेवढाच बोनेटबाहेरच्या माणसांत असतो.

कंपनी गेली, गाडी राहिली

ऐंशीच्या दशकात देशी ‘लक्झरी’ आली. १९८४ ची काँटेसा, १९८५ ची प्रीमियर ११८ एनई आणि त्याच साली स्टँडर्ड २०००. या तिसरीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिची बॉडी ब्रिटनच्या रोव्हरची, दिसायला राजबिंडी, आणि आत जुन्या जमान्यातलं इंजिन. किंमत मोठी, ताकद बेताची. काही वर्षांतच कंपनीने गाड्या बनवणंच थांबवलं आणि ज्यांनी हौसेने घेतल्या त्यांच्या हातात फक्त सांगाडा उरला. काँटेसा मात्र इसुझूचं इंजिन मिळाल्यावर सावरली आणि २००२ पर्यंत चालली. गाडी एकाच मापाची, एकाच काळातली. पण एकीला पार्ट मिळत राहिले, दुसरीला नाही.

१९९३ मध्ये मोटार उद्योगाचा परवाना उठला आणि बांध फुटला. डेवूची सिएलो, कल्याणच्या कारखान्यातली प्यूजो ३०९, जनरल मोटर्सची ओपल ॲस्ट्रा. नव्वदच्या मध्यात या गाड्या म्हणजे आपल्याकडे रुबाबाची परिसीमा. पॉवर विंडो, पॉवर स्टेअरिंग, एसी. ॲम्बेसेडरमधून उतरलेल्या माणसाला विमानात बसल्यासारखं वाटायचं. पुढे काय झालं? प्यूजोने काही वर्षांतच भागीदारी सोडली. डेवूची कोरियातली मूळ कंपनीच २००० साली दिवाळखोरीत गेली. ओपलचं नाव २००६ साली भारतातून गेलं आणि जनरल मोटर्सने २०१७ अखेर शेवरलेचीही विक्री थांबवली. शेवरलेची क्रूझ ही चांगली ताकदवान डिझेल सेडान. आजही ती फार स्वस्त मिळते, आणि का मिळते ते या यादीवरून कळतं.

या गाड्या वाईट नव्हत्या. त्या पोरक्या झाल्या. मागे कंपनी उभी नाही म्हटल्यावर एक साधा सेन्सर, एक हेडलाइट, एक स्टेअरिंग पंप गाडीला महिनोन् महिने उभी करू शकतो. आणि सिएलोचा पार्ट लेथवर बनत नाही, कारण तोवर गाडीत वायरिंग आणि कॉम्प्युटर शिरला होता. ॲम्बेसेडरचा जमाना इथेच संपला.

मर्सिडीजही याच लाटेत आली. टेल्कोशी भागीदारीत १९९४ ला कंपनी, १९९५ ला पुण्यातून पहिली ई-क्लास. पण ते मॉडेल युरोपात त्याच वर्षी निवृत्त होत होतं. गिऱ्हाइकाने ते ओळखलं आणि विक्री अपेक्षेपेक्षा फार कमी राहिली. गंमत अशी की तीच जुन्या धाटणीची, कमी कॉम्प्युटरवाली ई-क्लास आज जाणकार लोक शोधत फिरतात. नवी असताना जिचं ‘जुनं मॉडेल’ म्हणून नाक मुरडलं गेलं, तिचा साधेपणाच म्हातारपणी कामी आला.

शेंद्रा, ऑक्टाव्हिया आणि दीडशे किलोमीटर

आता आपल्या दाराशी येऊ. २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जुळवल्या जाऊ लागल्या. जळगावहून आणि धुळ्याहून हे गाव दीडशेच्या आसपास किलोमीटर. एका बाजूला अजिंठ्याचा घाट, दुसऱ्या बाजूला चाळीसगावचा कन्नड घाट. त्याच सुमारास होंडाची अकॉर्ड (२००१) आणि टोयोटाची कोरोला (२००३) आली.

मोठ्या गाडीचा मालक आणि सेडान यांचं नातं खान्देशात खऱ्या अर्थाने इथे जुळलं. कारण आपलं भूगोलच तसं आहे. धुळ्याच्या चौफुलीवर देशाचे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. जळगावच्या व्यापाऱ्याला नाशिकला जायचं म्हणजे जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. पुणं, मुंबई, सुरत, इंदूर ही सगळी लांबची. म्हणून इथे डिझेल ऑक्टाव्हिया खपली. हायवेला दगडासारखी बसणारी, ॲव्हरेज देणारी. आणि म्हणूनच इथल्या गाड्यांचं रनिंगही जास्त असतं.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण फसवणूक इथेच होते. महिन्यातून दोनदा नाशिक केलं तर नुसते त्यातच वर्षाचे १२ हजार किलोमीटर होतात. वरून गावातला वापर, लग्नसराई, देवदर्शन. दहा वर्षांची, व्यापाऱ्याच्या घरातली डिझेल सेडान ‘फक्त ४० हजार चाललीय’ म्हणून कोणी सांगत असेल तर हिशोब करा. दिवसाला ११ किलोमीटर. इतकंच चालायचं होतं तर माणसाने डिझेल गाडी घेतलीच कशाला? तिथे दोनच शक्यता. मीटर मागे फिरवलंय, किंवा गाडी खरंच उभी होती. उभी राहिलेली गाडी ही चाललेल्या गाडीपेक्षा वाईट. रबर कडक होतं, सील गळतात, बॅटरी मरते, उंदीर वायरिंग खातात.

उलट १ लाख ८० हजार चाललेली, पण दर सर्व्हिसचं बिल असलेली हायवेची गाडी बिनधास्त बघायला जा. हायवेवर इंजिन एका तापमानाला, एका वेगाला चालतं. क्लच कमी दाबला जातो, गिअर कमी बदलतात. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीवाल्याची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. पण ती गोष्ट सांगताना लोक अर्धीच सांगतात. त्याने इंजिनं आलटून-पालटून उतरवून दुरुस्त केली होती. गाडी आपोआप टिकली नाही, मालकाने ती टिकवली.

दिल्लीची गाडी

२०१० नंतर भारतात आलिशान गाड्यांचा पूर आला आणि त्यांचे भाव पडू लागले. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्येच बघा, पाच वर्षांची झाली की गाडीची विमा किंमत निम्म्यावर धरायची. लक्झरी गाडी बाजारात त्याहून जोरात घसरते, कारण पहिल्या मालकाला दर चार-पाच वर्षांनी नवं मॉडेल लागतं आणि दुसरा मालक दुरुस्तीच्या खर्चाला घाबरतो.

त्यात भर पडली दिल्लीची. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची ही बंदी कायम केली. पुढे त्या विषयावर कोर्टात बरीच ये-जा झाली, पण तेव्हापासून दिल्लीतला डिझेल मर्सिडीज-ऑडीवाला नववं वर्ष लागलं की गाडी बाहेरच्या राज्यात काढायला धडपडू लागला. आपल्याकडच्या दलालांना रेल्वेच्या एका तिकिटात धंदा मिळाला.

दिल्लीची प्रत्येक गाडी वाईट असं नाही. पण तिचा खरा भाव दिल्लीत सांगतात तो नसतो. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागते. इथे आणून एमएच-१८ किंवा एमएच-१९ घ्यायचं तर महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो, आणि लक्झरी डिझेलला तो चांगलाच पडतो. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. पंधरा वर्षं झालेली असतील तर फेरनोंदणी. तिची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि परदेशातून आयात झालेल्या गाडीला ४०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर. ही सगळी बेरीज केली की ‘स्वस्तात पडली’ हा शब्द बराच बारीक होतो.

कोऱ्या सह्यांचा फॉर्म

आपल्या भागात अजून एक रोग आहे. गाडी विकायची, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून द्यायच्या आणि मोकळं व्हायचं. घेणारा नावावर करत नाही, पुढच्याला देतो. तो त्याच्या पुढच्याला. आरसी बुकावर मात्र पहिल्याचंच नाव.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. माणसाने २००७ साली गाडी विकली. पुढे ती हातोहात फिरली. २००९ ला अपघात झाला, त्यात जीव गेला. आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या नजरेत मालक तोच, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्या गाडीला दोन वर्षं हात लावला नाही तिचे पैसे भरायचे.

कायदा सरळ आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्याचं नावही १४ दिवसांत बदलून घ्यायचं. डीलरला गाडी देत असाल तर एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरचा नियम आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर होते आणि तोवरची जबाबदारी त्याच्यावर जाते. डीलर अधिकृत नसेल तर इसार पावतीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या, मगच चावी द्या. मोठ्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं, कारण ती जोरात पळते आणि तिच्यावरची चलनंही जोरात येतात. गाडी बघायला जाण्याआधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, विमा चालू आहे का, चलनं किती थकलीत ते पाच मिनिटांत दिसतं. पाच मिनिटं काढा.

मग रनिंग जास्त असलेली मोठी गाडी घ्यावी का?

घ्यावी, पण तीन प्रश्न विचारून. तिन्ही प्रश्न वरच्या इतिहासातूनच आलेत.

पहिला प्रश्न: हिच्या मागे कोण उभं आहे? मॉडेल बंद होणं आणि कंपनी जाणं यात फरक आहे. होंडाने २०२० च्या डिसेंबरात सिव्हिक थांबवली, टोयोटाने त्याच वर्षी कोरोला आल्टिस थांबवली, स्कोडाची ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये गेली. पण या कंपन्या इथे आहेत, त्यांचं सर्व्हिसचं जाळं आहे, पार्ट येतात. क्रूझबद्दल तसं म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न: हिचा मेस्तरी माझ्यापासून किती लांब? तुमच्या गावात स्कॅनर लावून गाडी वाचणारा माणूस आहे का? नसेल तर नाशिक किंवा संभाजीनगर. बंद पडलेली गाडी टोचनवर घाट चढवून न्यायचा खर्च एकदा विचारून ठेवा. दोनदा नेली की वर्षाची सर्व्हिस त्यातच गेली.

तिसरा प्रश्न: हिचा सगळ्यात महागडा पार्ट कोणता आणि तो गेला तर मी भरू शकतो का? खरा खड्डा इथे आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. ४३ लाखांची गाडी सहा लाखांना मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स, तिचं एअर सस्पेन्शन, तिचे इंजेक्टर हे ४३ लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून ऐकू येतं ना, गाडी कोपऱ्यात उभी आहे, ताडपत्री टाकलीय, ‘थोडं काम निघालंय’. ते थोडं काम म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्मं असतं.

ऑटोमॅटिक घेताना जरा जास्तच जपा. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडी घराण्यातला सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स जगभर गाजला तो तक्रारींमुळे. एकट्या चीनमध्ये २०१३ साली कंपनीने ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. ट्रॅफिकमध्ये गरम होणं आणि धक्के देणं ही त्याची खूण. सहा गिअरचा, तेलात बुडलेल्या क्लचचा बॉक्स त्यापेक्षा दणकट, पण त्याचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदललेलं असलं पाहिजे. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ असं सांगणाऱ्याला विचारा, कोणाची लाइफ?

२०२० नंतरची बीएस-६ डिझेल असेल तर तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर अर्धा तास तरी सलग पळावी लागते. तुमचं काम घर ते दुकान आणि दुकान ते मार्केट यार्ड एवढंच असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. पेट्रोल बघा.

आणि आपलं ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे ४५ डिग्री. युरोपियन गाड्यांमधले कूलंटचे प्लास्टिकचे पाइप, टाक्या, रबराचे बुश या उन्हात लवकर कडकतात. म्हणून गाडी शक्यतो उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता बघा. आधी सकाळी गार इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. आपण पोचण्याआधीच गरम करून ठेवली असेल तर समजून जा. मग एसी लावून ३०-४० किलोमीटर चालवा, थोडा हायवे, थोडा खराब रस्ता. खराब रस्ता आपल्याकडे शोधावा लागत नाही. फागणे-तरसोद चौपदरीकरणाने किती वर्षं आपली परीक्षा घेतली ते सगळ्यांना आठवतं. त्या काळात जळगाव-धुळे ये-जा केलेल्या कमी उंचीच्या सेडानचं सस्पेन्शन आणि इंजिनखालचा तवा आवर्जून रॅम्पवर चढवून तपासा.

मीटर खरं की खोटं हे मीटरवर दिसत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ३० हजार चाललेल्या गाडीला तिसरा सेट टायर कसा? ब्रेकचं पॅडल, ड्रायव्हरच्या सीटची कड, स्टेअरिंगचं गुळगुळीत झालेलं कातडं बघा. स्कॅनर लावला तर कित्येक गाड्यांत गिअरबॉक्सच्या किंवा इतर कॉम्प्युटरमध्ये वेगळं रनिंग सापडतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढायला सांगा. मालक टाळाटाळ करत असेल तर आपणही गाडी टाळावी.

नावं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. पेट्रोल कोरोला आल्टिस, कॅमरी, अकॉर्ड. या रनिंग जास्त असली तरी घ्यायच्या गाड्या. बहुतेक इंजिनांना टायमिंग बेल्टऐवजी चेन, यंत्रणा साधी, भरवशाची. हायवे जास्त असेल तर मॅन्युअल गिअरची डिझेल ऑक्टाव्हिया किंवा सुपर्ब, बेल्ट बदलल्याचं बिल असेल तरच. मर्सिडीज ई-क्लास घ्यायचीच असेल तर मालक पहिला किंवा दुसरा, नोंदी पूर्ण, एअर सस्पेन्शन नसलेली. आणि गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश रक्कम बाजूला, वेगळ्या खात्यात. ती रक्कम नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

शेवटचं. त्या दीडशे गाड्या ७ टक्क्यांनी घेतल्या गेल्या होत्या. घेणारे उद्योजक होते, गाडी त्यांच्या धंद्याच्या खर्चात बसत होती. तीच गाडी उतरंडीच्या तळाला जेव्हा आपला माणूस घेतो, तेव्हा जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महागच मिळतं आणि दुरुस्ती रोखीने करावी लागते. म्हणजे वरच्याने स्वस्तात रुबाब केला आणि त्याचं उरलेलं बिल आपण भरतोय, तेही जास्त व्याजाने. साईनाथांनी मांडलेला ट्रॅक्टर आणि मर्सिडीजचा हिशोब २०१० मध्ये संपला नाही. तो फक्त सेकंडहँड झाला.

मोठी गाडी दारात असावी, यात वावगं काही नाही. आपल्या माणसाने आयुष्यभर एसटीच्या लाल डब्यातूनच फिरावं असं कोणी म्हणत नाही. पण दारात उभी असलेली आणि रस्त्यावर चालणारी यातला फरक घरच्यांना सगळ्यात आधी कळतो. गावाला थोडा उशिरा कळतो, एवढंच.

तुमच्याकडे जास्त रनिंगची मोठी गाडी असेल तर किती चालली, काय काम निघालं, कुठल्या गावात दुरुस्त झाली ते खाली लिहा. कुणाचं नाव, दुकानाचं नाव टाकू नका. पुढच्या घेणाऱ्याच्या कामाला येईल.